ब्रुअरीच्या अंगणातले साहित्य

मराठी साहित्यात मद्याचा विषय निघाला की प्रथम आठवते ते राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही केवळ नाटकातली पात्रे राहिलेली नाहीत. पेल्याकडे पाहण्याची आपली नजरच त्यांनी घडवली आहे. मराठी भाषेतले शब्दही त्याच बाजूने साक्ष देतात. 'गुत्ता' हा शब्द मुळात महसुलाच्या मक्त्याचा. 'परमिट रूम' हा शब्द मुंबई प्रांतातल्या 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या राजवटीतून आला. म्हणजे पिण्याच्या जागेसाठी आपल्याकडे रूढ असलेल्या दोन शब्दांपैकी एक सरकारच्या उत्पन्नातून जन्मला, तर दुसरा सरकारच्या मनाईतून. बनवणाऱ्यासाठी 'कलाल' हा शब्द आहे खरा. पण तो कानावर पडतो तो जातिनाम म्हणून, कसबाचे नाव म्हणून नव्हे. मद्य कोणी विकले, कोणी प्याले आणि कोणाचा संसार उद्ध्वस्त झाला हे आपल्या साहित्याला ठाऊक आहे. ते कोणी आणि कसे बनवले, बनवताना कोणते कसब पणाला लावले, ह्या प्रश्नाकडे मात्र ते सहसा वळत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर चेक साहित्य वाचताना एक गोष्ट लक्ष वेधून घेते. तिथे बिअर बनवण्याची जागा, म्हणजे गावची लहानशी ब्रुअरी, साहित्याच्या अगदी मध्यभागी येते. कोणाचे बालपण तिथे गेले, कोणी तिथे पिंपे ढकलली, कोणाला तिथूनच हाकलून देण्यात आले. ह्या ब्रुअऱ्यांचा इतिहास केवळ चवींचा आणि नावांचा इतिहास नाही. एखादी वस्तू आपल्या गावात, आपल्या हाताने, नीट बनवण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाला किती किंमत मोजावी लागते, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचाच मागोवा घ्यायचा आहे. मद्याचे गुणगान हा हेतू नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

गाव, पाणी आणि अंश

बोहेमियातल्या गावांना बिअर बनवण्याचा हक्क मध्ययुगापासून सनदेने मिळत असे. 1295 साली दुसऱ्या वेन्सेस्लास राजाने प्लझेन हे नगर वसवले तेव्हा तिथल्या नागरिकांना हा हक्क दिला. हक्क माणसाला नव्हे, घराला जोडलेला असे. घर विकले की हक्कही नव्या मालकाकडे जाई. आपल्याकडच्या वतनाशी ह्याचे थोडेफार साम्य आहे; आणि वतनात शिरतो तसा आळस इथेही शिरला. प्रत्येक घर आपापल्या पाळीने बिअर बनवी, तिचा दर्जा काही सारखा नसे. 1838 साली प्लझेनच्या नगरसभेसमोर 36 पिंपे खराब बिअर जाहीरपणे ओतून देण्यात आली. ह्या नामुष्कीतून हक्कदार नागरिकांनी एकत्र येऊन सामाईक ब्रुअरी उभारायचे ठरवले आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तरुण ब्रू-मास्टर बोलावला.

ग्रोलने 5 ऑक्टोबर 1842 रोजी जो पहिला घाणा घातला त्यात चार गोष्टींचा योग जुळून आला होता: प्लझेनचे अतिशय मृदू पाणी, झातेत्स परिसरातील सुगंधी हॉप्स, इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या पद्धतीने मंद उष्णतेवर वाळवलेले फिकट माल्ट आणि थंडीत तळाशी बसून संथपणे काम करणारे बव्हेरियन यीस्ट. परिणामी तयार झालेली बिअर सोनेरी आणि पारदर्शक होती. त्या काळच्या काळपट, गढूळ बिअरहून अगदी निराळी. रेल्वे आली आणि ही बिअर दूरदूरच्या शहरांत पोचली. तिच्याबरोबर प्रवासाला निघालेले गावाचे नाव मात्र वाटेतच हरवले. 'पिल्सनर' ह्या शब्दाचा अर्थ एवढाच की 'प्लझेनची'; आणि आज तो शब्द जगातल्या कोणत्याही गावच्या फिकट बिअरला लावला जातो. बुद्येयोव्हित्से ह्या गावाचेही तेच झाले. त्याचे जर्मन नाव बुडवाइस. अमेरिकेतल्या एका कंपनीने 1876 मध्ये 'बुडवायझर' ह्या नावाने बिअर काढली. चेक नागरिकांची बुद्वार ब्रुअरी त्या गावात 1895 साली स्थापन झाली. आणि ह्या एका विशेषणावरचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक देशांच्या न्यायालयांत चालत आला. विशेषण कोणाचे, गावाचे की बाजाराचे, हा प्रश्न व्याकरणातला वाटतो, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वकील पोसले गेले.

भाषेचा आणखी एक धागा इथे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोहेमियात विद्येची आणि व्यवहाराची भाषा जर्मन होती. चेक ही खेड्यातल्या माणसांची बोली समजली जाई. फ्रांतिशेक ओंद्रझेय पोउप्ये (1753–1805) ह्या ब्रू-मास्टरने बिअर बनवण्याच्या कामात तापमापकाचा वापर रुजवला, अंदाजाच्या जागी मोजमाप आणले आणि ह्या विषयावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिले. पण 1801 साली त्याने चेक भाषेतही पुस्तक काढले, कारण प्रत्यक्ष भट्टीपाशी उभा असणारा कामगार चेक बोलत होता. भाषेच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास सांगताना आपण कवी, कोशकार आणि व्याकरणकार ह्यांची नावे घेतो. हाताने काम करणाऱ्यासाठी त्याच्या भाषेत लिहिणारा हा ब्रू-मास्टरही त्याच पंक्तीत बसायला हवा.

पुढे प्राग येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्ल बालिंग ह्यांनी 1843 च्या सुमारास गाळलेल्या रसातील अर्काचे प्रमाण मोजण्याची श्रेणी तयार केली. चेक माणूस आजही बिअर मागतो ती ह्या अंशांच्या भाषेत: 'देसित्का' म्हणजे दहा अंशांची, 'द्वानात्स्का' म्हणजे बारा अंशांची. हे मद्यार्काचे प्रमाण नव्हे. आंबवण्यापूर्वी त्या रसात शंभर भागांत किती भाग अर्क होता, ते हा आकडा सांगतो. दहा अंशांच्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण चार टक्के असतो, बारा अंशांच्या बिअरमध्ये पाचच्या आसपास. म्हणजे पिणारा ज्या शब्दाने मागणी करतो तो शब्द नशेचे प्रमाण सांगत नाही, बनवणाऱ्याने किती माल घातला ते सांगतो.

स्मेताना ते श्वेइक

चेक राष्ट्रीय संगीताचा जनक मानला जाणारा बेद्रझिख स्मेताना 1824 साली लितोमिश्ल येथे जन्मला, तो ब्रुअरीतच. त्याचे वडील तिथले ब्रू-मास्टर होते. त्याच्या 'विकलेली वधू' ह्या 1866 सालच्या ऑपेराचा दुसरा अंक गावच्या गुत्त्यात, बिअरची थोरवी गाणाऱ्या पुरुषांच्या समूहगीताने सुरू होतो. नावावरून मराठी वाचकाला देवलांची 'शारदा' आठवेल, पण हे प्रहसन आहे आणि त्यातली विक्री ही शेवटी प्रियकराचीच चतुराई ठरते. लक्षात घेण्याजोगे हे की राष्ट्रीय रंगभूमीवर 'आपले' म्हणून जे दाखवायचे, त्यात खेड्याचे नृत्य होते, खेड्याची भाषा होती आणि खेड्याची बिअरही होती. जर्मन भाषक नगरसभेत चेक माणसाला मोकळेपणाने बोलता येत नव्हते. गुत्त्यात येत होते.

परंतु मोकळे बोलणे जिथे असते तिथे कान लावून बसणाराही असतो. यारोस्लाव हाशेकच्या 'श्वेइक' (1921–23) ह्या कादंबरीचा आरंभ आठवून पाहा. 1914 साली सारायेवोत राजपुत्राचा खून झाला आहे. प्रागमधल्या 'उ कालिखा' ह्या गुत्त्यात गुप्त पोलीस ब्रेटश्नायडर एकटाच बसून मालक पालिवेत्सला बोलते करू पाहतो. पालिवेत्स राजकारणापासून दूर राहणारा माणूस. सम्राटाची तसबीर भिंतीवर होती, तिच्यावर माशा घाण करीत, म्हणून ती माळ्यावर टाकली, एवढेच तो सांगतो. तेवढ्यावर राजद्रोह सिद्ध होतो. श्वेइकही पकडला जातो. तसबीर स्वच्छ ठेवण्याची काळजी घेणारा माणूस दहा वर्षे तुरुंगात जातो, हा हाशेकचा विनोद आहे, आणि विनोदापलीकडचे निदानही.

पुढे ह्याच कादंबरीत श्वेइक आणि त्याचा मित्र व्होदिच्का रणांगणाच्या वाटेवर एकमेकांचा निरोप घेतात तो प्रसंग प्रसिद्ध आहे. युद्ध संपल्यावर संध्याकाळी सहाला ह्याच गुत्त्यात भेटायचे ठरते. अंतर वाढत जाते तसे दोघे ओरडून बोलू लागतात, आणि चर्चा कशाची, तर तिथे कोणत्या गावची बिअर मिळते ह्याची. एकाला वाटत असते स्मिखोवची, दुसरा सांगतो वेल्के पोपोवित्सेची. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या दोन माणसांना ब्रुअरीच्या गावाचे नाव अचूक हवे आहे. साम्राज्य, सम्राट, युद्धाचे हेतू ह्या साऱ्या अमूर्त गोष्टींपुढे हाशेकने ठेवलेली ही एकमेव ठोस गोष्ट आहे.

एका ब्रुअरीतली दोन माणसे

दुसऱ्या महायुद्धानंतर 1945 च्या हुकुमांनी मोठ्या ब्रुअऱ्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि 1948 च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर उरलेल्यांवरही तीच पाळी आली. बारक्या ब्रुअऱ्या एकामागून एक बंद झाल्या. उरलेल्या जिल्हावार वा प्रांतवार मंडळांखाली जोडल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एकट्या बोहेमियात हजाराच्या आसपास ब्रुअऱ्या होत्या; यंत्रयुगातल्या स्पर्धेने त्यांची संख्या आधीच घटत आली होती. 1989 साली साऱ्या चेक प्रदेशात सत्तरच्या आसपास उरल्या. इथे एक विरोधाभास नोंदवायला हवा. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेने ह्या कारखान्यांत पैसा घातला नाही, त्यामुळे उघड्या टाक्यांत आंबवण्याच्या आणि थंड तळघरांत महिनोन्‌महिने मुरवण्याच्या जुन्या पद्धती अनेक ठिकाणी आपोआपच टिकून राहिल्या. दुर्लक्षाने जे राखले ते काळजीने राखले असे मात्र म्हणता येत नाही. काळजी घेणाऱ्या माणसाचे काय होई, ह्याची साक्ष व्हात्स्लाव हावेल ह्यांच्या लेखनात मिळते.

1968 च्या 'प्राग वसंता'वर सोव्हिएत रणगाडे आल्यानंतर हावेल ह्यांच्या नाटकांवर बंदी आली. 1974 साली त्यांनी आपल्या ह्रादेचेक येथील घरापासून जवळ असलेल्या त्रुत्नोवच्या ब्रुअरीत काही महिने मजुरी केली. तिथे पिंपे ढकलण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ह्या अनुभवातून 1975 साली 'ऑडियन्स' ही एकांकिका जन्माला आली. मायदेशात ती टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली. तिचा पहिला प्रयोग 1976 साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झाला.

नाटकात पात्रे दोनच. एक 'स्लादेक', म्हणजे ब्रू-मास्टर. दुसरा फेर्दिनांद वान्येक, बंदी आलेला नाटककार, जो तळघरात पिंपे ढकलतो. स्लादेक त्याला आपल्या कार्यालयात बोलावतो, बिअरवर बिअर ओततो, तेच तेच बोलत राहतो. वान्येकला बिअर फारशी सोसत नाही. स्लादेक बाहेर गेला की तो आपला पेला हळूच त्याच्या पेल्यात रिकामा करतो. हळूहळू मुद्दा बाहेर येतो. गुप्त पोलीस दर आठवड्याला स्लादेककडे वान्येकची माहिती मागतात आणि काय सांगावे ते त्याला सुचत नाही. मग वान्येकनेच स्वतःबद्दलचा अहवाल लिहून द्यावा. लेखकच आहे तो! मोबदल्यात त्याला थंड तळघरातून उबदार गोदामात कारकुनी मिळेल. वान्येक अतिशय सभ्यपणे नकार देतो. त्यावर स्लादेकचा जो उद्रेक होतो तो ह्या नाटकाचा प्राण आहे. तुम्हा सुशिक्षितांना तत्त्वे परवडतात, तुमच्या तत्त्वांची जगभर वाहवा होते. पण ज्या चिखलातून ती उगवतात तो चिखल आम्ही असतो, आमच्या तत्त्वांचे कोणाला काय? असा त्याचा सवाल आहे.

हा सवाल हावेल ह्यांनी टाळला नाही, हे महत्त्वाचे. स्लादेक खलनायक नाही. तो घाबरलेला, दमलेला, एकटा माणूस आहे. नैतिक उंचीवर उभ्या असलेल्या लेखकाने सामान्य माणसाकडे तुच्छतेने पाहावे अशी सारी सोय ह्या प्रसंगात होती. हावेल ती वापरीत नाहीत. नाटकाच्या अखेरीस वान्येक पुन्हा प्रवेश करतो आणि जणू पहिल्यापासून सारे सुरू होते. पण ह्या वेळी तो पेला निमूट रिकामा करतो आणि स्लादेकच्याच भाषेत कुरकुरतो. हा विजय की पराभव, हे प्रेक्षकाने ठरवायचे.

ह्या नाटकाचे विवेचन अनेकांनी केले आहे. त्याच ब्रुअरीतल्या दुसऱ्या माणसाची नोंद मात्र तुलनेने कमी वाचली जाते. ती हावेल ह्यांच्या 1978 सालच्या 'सत्ताहीनांची सत्ता' ह्या प्रदीर्घ निबंधात आहे. तिथे ते आपल्या थेट वरिष्ठाची, 'श' ह्या आद्याक्षराने, ओळख करून देतात. ह्या माणसाला बिअर बनवण्याचे उत्तम ज्ञान होते. आपल्या कसबाचा त्याला अभिमान होता. आपल्या ब्रुअरीत चांगली बिअर बनावी एवढीच त्याची इच्छा. तो जवळजवळ सारा वेळ कामावर घालवी, सतत सुधारणा सुचवी, आणि इतरांनाही हे काम आपल्याइतकेच प्रिय आहे असे गृहीत धरून त्यांची पंचाईत करी. ब्रुअरी ज्यांच्या हातात होती त्यांना कामाची जाण कमी, पण पक्षात वजन मोठे. ब्रुअरी रसातळाला चालली होती. अखेर 'श' ह्यांनी वरच्या अधिकाऱ्यांना सविस्तर पत्र लिहून, आपली ब्रुअरी जिल्ह्यात सर्वांत वाईट का आहे आणि जबाबदार कोण हे मांडले. निष्पन्न काय झाले? पत्र बदनामीकारक ठरले, लिहिणारा राजकीय घातपाती ठरला, आणि त्याची दुसऱ्या ब्रुअरीत, जिथे कसबाची गरजच नाही अशा कामावर, रवानगी झाली.

हावेल ह्यांचे म्हणणे असे की 'असंतुष्ट' किंवा 'विरोधक' होणे हा कोणी निवडलेला पेशा नसतो. ह्या माणसाने कोणतेही घोषणापत्र काढले नव्हते, व्यवस्था उलथवायची त्याची मनीषा नव्हती. आपले काम नीट व्हावे, ह्या आग्रहाच्या शेवटापर्यंत तो गेला, इतकेच; आणि त्या शेवटाशी सत्ता उभी होती. ह्याच संदर्भात ते तोमाश मासारिक ह्यांच्या 'द्रोब्ना प्रात्से', म्हणजे लहानसहान पण प्रामाणिक काम, ह्या कल्पनेची चर्चा करतात आणि तिची मर्यादाही दाखवतात. प्रामाणिक काम करणाऱ्याला एक दिवस प्रामाणिकपणा आणि काम ह्यांतले एक निवडावे लागते. मौज अशी की चेकोस्लोवाकियाचे हे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक स्वतः मद्यपानाचे कडवे विरोधक होते. ह्या विषयावर त्यांनी व्याख्याने दिली, लेखनही केले. त्यांच्या कल्पनेचे सर्वांत नेमके उदाहरण ब्रुअरीतून यावे, ही इतिहासाची थट्टा म्हणायची.

एकाच ब्रुअरीतून आलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. नाटकातला स्लादेक व्यवस्थेशी जुळवून घेतो आणि त्यामुळे झुरतो. निबंधातला 'श' जुळवून घेत नाही आणि त्यामुळे फेकला जातो. नाटककाराला पहिल्याची गरज वाटली, कारण त्याच्यात संघर्ष आतला आहे. निबंधकाराला दुसऱ्याची गरज वाटली, कारण त्याच्यात युक्तिवाद पूर्ण होतो. साहित्यप्रकार बदलला की तोच अनुभव कोणत्या माणसाच्या तोंडून बोलतो तेही बदलते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण वर्गात देता येईल असे वाटत नाही.

ह्राबाल: ब्रुअरीतले बालपण आणि त्याची किंमत

बोहुमिल ह्राबाल (1914–1997) ह्यांचे नाते ब्रुअरीशी मजुरीचे नव्हते, घराचे होते. त्यांचे सावत्र वडील फ्रांत्सिन पोल्ना गावच्या ब्रुअरीत हिशेबनीस होते. 1919 साली हे कुटुंब प्रागच्या पूर्वेला लाबे नदीकाठच्या निंबुर्क गावी आले. तिथल्या ब्रुअरीचा कारभार फ्रांत्सिन ह्यांच्याकडे होता आणि घरही ब्रुअरीच्या आवारातच. 'पोस्त्रिझिनी' ही लघुकादंबरी ह्राबाल ह्यांनी 1970 च्या सुमारास लिहिली. ती आईच्या तोंडून सांगितलेली आहे: देखणी, खादाड, उत्साहाने फुटणारी मारिश्का, शिस्तीचा, हळवा फ्रांत्सिन, आणि काही दिवसांसाठी म्हणून आलेला, मोठ्याने ओरडून बोलणारा, कायमचाच राहिलेला काका पेपिन. डुकराची कत्तल, ब्रुअरीचे मालक-भागधारक, गावच्या उंच धुराड्यावर चढून बसलेले मारिश्का आणि पेपिन, असे प्रसंग एकामागून एक येतात.

शीर्षकाचा अर्थ मराठी वाचकाला चटकन उमगेल. 'पोस्त्रिझिनी' म्हणजे लहान मुलाचे केस पहिल्यांदा कापण्याचा जुना विधी, आपले जावळ. कादंबरीत रेडिओ गावात येतो, अंतरे आखूड होतात. त्या झपाट्यात मारिश्काही सारे आखूड करीत सुटते. घागरा, कुत्र्याचे शेपूट, आणि अखेर गावाचे भूषण असलेले आपले लांबसडक केस. जुने जग संपून नवे सुरू होण्याचा हा जावळविधी आहे. ह्राबाल तो हसत सांगतात, पण जे कापले गेले ते पुन्हा वाढणार नाही ह्याची जाणीव त्या हसण्याखाली आहे. ते लिहीत होते तेव्हा ब्रुअरीतले ते घरगुती जग केव्हाच राष्ट्रीयीकृत झाले होते.

ह्या पुस्तकाला एक अस्वस्थ करणारी कथाही जोडलेली आहे. 1968 नंतर ह्राबाल ह्यांच्याही प्रकाशनावर बंदी होती. जानेवारी 1975 मध्ये 'त्वोर्बा' ह्या साप्ताहिकात त्यांची मुलाखत आली; तिच्यात सत्तेला हवी तशी, आत्मपरीक्षणाची आणि निष्ठेची भाषा होती. त्यानंतर त्यांची पुस्तके, निवडून आणि छाटून, पुन्हा अधिकृतपणे निघू लागली. 'पोस्त्रिझिनी' 1976 साली आले ते ह्याच वाटेने. संतापलेल्या काही तरुण विरोधकांनी प्रागमध्ये त्यांची पुस्तके जाळली. ज्या वर्षी हावेल ह्यांनी स्वतःबद्दलचा अहवाल लिहिण्यास नकार देणाऱ्या लेखकाचे नाटक लिहिले, त्याच वर्षी चेक भाषेतल्या एका थोर गद्यलेखकाने स्वतःबद्दल सत्तेला हवे ते सांगून टाकले होते.

ह्या दोन लेखकांना समोरासमोर उभे करून निकाल देणे सोपे आहे, परंतु त्यात वाचक म्हणून आपले नुकसान आहे. स्लादेकचा सवाल इथे पुन्हा उभा राहतो: तत्त्वे कोणाला परवडतात? ह्राबाल ह्यांचे 'अतिशय गोंगाटी एकांत' हे पुस्तक त्याच काळात लिहिले गेले आणि टंकलिखित प्रतींतूनच फिरले. रद्दी दाबण्याच्या यंत्रावर पस्तीस वर्षे काम करणारा, बंदी आलेली पुस्तके वाचवणारा आणि बिअरचे घडेच्या घडे रिचवणारा हांत्या हा त्याचा नायक. त्याच्या पिण्यात ना उत्सव आहे ना उपदेश. ग्रंथ नष्ट करण्याची नोकरी शुद्धीत करता येत नाही, एवढेच त्यात आहे. 'एकच प्याला'मध्ये पेल्याने माणूस बुडतो. इथे आधीच बुडालेल्या जगात माणूस पेल्याला धरून तरंगतो. ह्या दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडून निघत नाही.

पडद्यावरून परतलेली ब्रुअरी

1980 साली दिग्दर्शक यिर्झी मेंझेल ह्यांनी 'पोस्त्रिझिनी'वर चित्रपट काढला. चित्रीकरण निंबुर्कला झाले नाही. त्यासाठी मोराव्हियातल्या दालेशित्से गावची ब्रुअरी निवडली गेली, जी 1977 सालीच बंद पडली होती. म्हणजे चित्रपटात जिवंत, धुरकट, गजबजलेली दिसणारी ती ब्रुअरी प्रत्यक्षात निर्जीव होती. पुढे 2002 साली ती पुन्हा सुरू झाली, सोबत ब्रुअरीचे संग्रहालयही आले. लोक तिथे जातात त्यामागे चित्रपटाची आठवण मोठी आहे. साहित्याने एखाद्या वास्तूचे स्मरण राखणे आपल्याला नवे नाही. पण कादंबरीने आणि चित्रपटाने एका बंद पडलेल्या कारखान्याला पुन्हा कामाला लावावे, असे क्वचित घडते.

निंबुर्कच्या ब्रुअरीनेही आपल्या बिअरला 'पोस्त्रिझिन्स्के' हे नाव घेतले. दहा अंशांच्या बिअरचे नाव 'पेपिनची देसित्का', आणखी एकीचे 'फ्रांत्सिनचा लेझाक', म्हणजे मुरवलेली बिअर. 'पिल्सनर' हा शब्द गावातून निघून बाजारात हरवला. इथे उलटे झाले, बाजारातल्या वस्तूने गावच्या कथेतली नावे घेतली. ह्यात व्यापार आहेच. परंतु ज्या पेपिनला कोणी गंभीरपणे घेतले नाही त्याचे नाव आज गावातला माणूस रोज सहजपणे उच्चारतो, हेही खरे.

1989 च्या परिवर्तनानंतर ब्रुअऱ्या खाजगी मालकीत गेल्या आणि मोठ्या नावांवर परदेशी भांडवलाने ताबा मिळवला. प्लझेनची ब्रुअरी 1999 साली दक्षिण आफ्रिकी कंपनीकडे आणि 2017 साली जपानच्या असाही समूहाकडे गेली. बुद्वार मात्र आजही सरकारी मालकीची आहे. उघड्या लाकडी टाक्यांच्या जागी पोलादी उभे नळकांडे आले. दुर्लक्षाने जे टिकले होते ते कार्यक्षमतेने मोडीत काढले. 2008 साली युरोपीय संघाने 'चेस्के पिव्हो' ह्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. दुसरीकडे लहान ब्रुअऱ्यांची लाट आली. गेल्या तीन दशकांत त्यांची संख्या पाचशेच्या आसपास पोचली आहे. त्यांतल्या अनेकांत उकळून परत मिसळण्याची जुनी पद्धत, तांब्याच्या कढया, न गाळलेली बिअर ह्यांचा अभिमान मिरवला जातो. काहींत अमेरिकन हॉप्सचे प्रयोगही चालतात. ह्यातले किती कसब आणि किती स्मरणरंजन, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागेल. जुन्या काळाचे चित्र लेबलावर छापणे सोपे. 'श' ह्यांच्यासारखे वरिष्ठांना पत्र लिहिणे सोपे नाही. लहान ब्रुअरी ही आपोआप प्रामाणिक ब्रुअरी होत नाही. 1838 साली प्लझेनमध्ये ओतून दिलेली बिअरही लहान प्रमाणावर, घरोघरीच बनलेली होती.

ह्राबाल ह्यांनी म्हटले होते की आपल्या नावाची पाटी लावायचीच तर कुत्र्यांना तिच्यावर पाय वर करता येईल इतक्या खाली लावा. निंबुर्कच्या ब्रुअरीच्या भिंतीवर ती तशीच, जमिनीलगत बसवलेली आहे. 1997 साली त्यांचे दफन झाले ते ओकच्या पेटीत, आणि पेटीवर अक्षरे होती 'पोल्ना ब्रुअरी'. आईची आणि सावत्र वडिलांची जिथे भेट झाली ती.

आपल्याकडे गिरणीवर साहित्य आहे, गावगाड्यातल्या बलुतेदारांवर आहे. त्यांच्या शोषणाची नोंद घेणे हे त्या साहित्याचे मोठे काम आहे. शोषणाबरोबरच कसबाचा अभिमान, आणि त्या अभिमानामुळे ओढवणारे संकट, हा विषय आपल्या कथा-कादंबऱ्यांत किती आणि कसा आला, ह्याचा शोध एखाद्या अभ्यासकाने घ्यावा असा आहे. त्यासाठी चेक ब्रुअरीपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या तेलाच्या घाण्यावर, मागावर, छापखान्यात अशी माणसे होऊन गेली असणार.

हावेल पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ह्राबाल जगभर वाचले गेले. जानेवारी 1994 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन प्रागला आले तेव्हा हावेल त्यांना 'उ झ्लातेहो तिग्रा' ह्या गुत्त्यात ह्राबाल ह्यांना भेटवायला घेऊन गेले. त्या मेजावर प्लझेनची बिअर होती. त्रुत्नोवच्या त्या कसबी माणसाचे मात्र निबंधात एकच अक्षर उरले आहे. चांगली बिअर बनावी म्हणून त्याने लिहिलेले ते पत्र ह्या साऱ्या साहित्याशेजारी ठेवून वाचायला हवे होते. आपल्यापर्यंत त्याचा सारांशच पोचला आहे.